हिशेबाची दुसरी प्रत : क्लाउडवरील डिस्कचा ‘स्नॅपशॉट’ कसा घ्यावा?



कुरआन मजीदमधील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर पुष्कळांना चटकन उत्तर देता येत नाही. ती सूरह अल-बकराची २८२ वी आयत होय आणि तिचा विषय उधारीची लिखापढी हा आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. आम्हा कापडवाल्यांचा तर सारा कारभारच मुदतीवर चालतो. सूत उधार येते, माल उधार जातो, मागवाल्याची मजुरी आठवड्याने चुकती होते. म्हणून आपली वही ही केवळ आपली मालमत्ता नव्हे. तिच्यात दहा लोकांचा हक्क लिहिलेला असतो. ती अमानत आहे.

पूर्वी ही अमानत लाल कापडी बांधणीच्या वहीत असे, पुढे ती दुकानातील संगणकात गेली. दोन्हींना धोका होताच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याने वही पाहिली नाही की संगणक पाहिला नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने दीडशेच्या वर देशांतील संगणकांना कुलपे लावून खंडणी मागितली. हल्ली अनेक व्यापाऱ्यांनी आपले बिलांचे सॉफ्टवेअर भाड्याच्या संगणकावर, म्हणजे क्लाउडवर ठेवले आहे. आम्हीही ठेवले आहे. परंतु तेथे ठेवले म्हणजे आपोआप सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे. ती आमचीही होती. त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

आमच्यावर आलेला प्रसंग

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो प्रत्येक पार्टीची एकूण बाकी दिसते, पण कोणत्या बिलापोटी किती, हा तपशील नाहीसा झालेला! बसवणारा गृहस्थ म्हणाला, ‘जुना डेटा द्या, पुन्हा करून देतो.’ जुना डेटा कोठून आणावा? आमच्या भाच्याने सहज म्हणून डिस्कचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, पण तो तीन आठवड्यांपूर्वीचा. तेवढे परत मिळाले. मधल्या तीन आठवड्यांच्या नोंदी बिलबुकांच्या कार्बन प्रती आणि वाहतूकवाल्यांच्या बिल्ट्या जमवून पुन्हा लिहाव्या लागल्या.

त्यात एका यंत्रमागवाल्या भावाचा हिशेब जुळेना. तो म्हणे, माझी १४ ताग्यांची मजुरी येणे आहे. आमच्याकडे नोंद नाही. आम्ही त्याच्या शब्दावर पैसे दिले, पण मनात शंका ठेवून दिले. दोन महिन्यांनी गोदामातील आवक पुस्तक हाती लागले. तागे १४ नव्हते, १६ होते. दोन ताग्यांची मजुरी तो स्वतःच विसरला होता. आम्ही ती पोहोचती केली आणि मनातल्या शंकेबद्दल माफीही मागितली.

हा प्रसंग सांगण्याचे कारण एवढेच की, नोंद हरवली म्हणजे नेहमी आपलेच नुकसान होते असे नाही. दुसऱ्याचा हक्क आपल्या गल्ल्यात राहून जातो आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून हा धडा आम्ही शिकलो तसा क्रमाने देत आहोत.

स्नॅपशॉट म्हणजे नेमके काय?

आमचे काम ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या मुंबई विभागात आहे. हा विभाग २०१६ मध्ये सुरू झाला. तेथे भाड्याने घेतलेल्या संगणकाला ‘इन्स्टन्स’ म्हणतात आणि त्याला जोडलेल्या डिस्कला ‘व्हॉल्यूम’. स्नॅपशॉट म्हणजे त्या व्हॉल्यूमचा एका विशिष्ट घडीचा फोटो. हुकूम दिला त्या क्षणी डिस्कवर जे होते, ते जसेच्या तसे वेगळ्या जागी जपले जाते. व्हॉल्यूम विभागातील एकाच झोनमध्ये असते. स्नॅपशॉट मात्र संपूर्ण विभागासाठी ठेवला जातो, त्यामुळे एका झोनमध्ये बिघाड झाला तरी दुसऱ्या झोनमध्ये त्यापासून नवी डिस्क तयार करता येते.

खर्चाची भीती वाटते, पण रचना काटकसरीची आहे. समजा, मुनीमजींनी पहिल्या दिवशी सबंध खतावणीची नक्कल केली. दुसऱ्या दिवशी जी पाने बदलली तेवढीच पुन्हा उतरवली, बाकीच्या पानांसाठी ‘कालची नक्कल पाहा’ असे लिहिले. स्नॅपशॉटचे काम असेच चालते. पहिला पूर्ण असतो, पुढच्यांत फक्त बदललेला भाग साठतो आणि साठलेल्या जागेवरच दर महिन्याचा आकार लागतो. उद्या पहिला स्नॅपशॉट पुसला तरी पुढच्यांना लागणारी पाने फेकली जात नाहीत. प्रत्येक स्नॅपशॉटमधून पूर्ण डिस्क परत उभी राहते.

हुकुमाची ओळ कशासाठी?

हे सर्व पडद्यावर बटणे दाबूनही होते. मग काळ्या खिडकीत हुकूम टंकण्याची यातायात कशाला? याला तीन कारणे आहेत. पहिले, बटणांची जागा अधूनमधून बदलते, हुकुमाचे शब्द सहसा बदलत नाहीत. दुसरे, एकदा लिहिलेला हुकूम वहीत चिकटवून ठेवता येतो आणि आपण नसलो तर मुलगा किंवा मुनीम तोच अक्षरशः टंकू शकतो. तिसरे, तोच हुकूम फाइलमध्ये लिहून रोज रात्री आपोआप चालवता येतो. माणूस विसरतो. आम्ही तीन आठवडे विसरलो होतो.

इंग्रजीची धास्ती घेण्याचेही कारण नाही. आमची शाळा उर्दूची, तरी हे आठ-दहा शब्द पाठ झाले. खाली हुकूम नागरीत छापले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावेत. आकडे इंग्रजी घ्यावेत. जेथे एक आडवी रेघ आहे तेथे एक, जेथे दोन आहेत तेथे दोनच द्याव्यात. दोन शब्दांत जागा सोडली असेल तेथेच सोडावी.

तयारी

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ॲमेझॉनच्या खात्यात शिरल्यावर ‘क्लाउडशेल’ हे चिन्ह दाबणे. ही २०२० पासूनची सोय आहे. हुकमाची खिडकी तेथेच उघडते, काही बसवावे लागत नाही. आपल्याच संगणकावरून करायचे असल्यास ‘एडब्ल्यूएस सीएलआय’ हा मोफत प्रोग्राम बसवून ‘एडब्ल्यूएस कॉन्फिगर’ असा हुकूम द्यावा. तो चार गोष्टी विचारतो : किल्लीचा क्रमांक, गुप्त किल्ली, विभाग आणि उत्तराचा नमुना. मुंबई विभागाचे नाव ‘एपी-साउथ-१’ असे आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मालकाच्या मुख्य खात्याची किल्ली कधीही येथे घालू नये. वेगळा वापरकर्ता तयार करावा आणि त्याला फक्त पाहण्याची व स्नॅपशॉट घेण्याची परवानगी द्यावी, पुसण्याची देऊ नये. तिजोरीत पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तिजोरीची किल्ली आपण देत नाही, तसेच हे आहे.

पहिली पायरी : डिस्क ओळखणे

एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स

एवढे टंकून एंटर दाबले की आपल्या सर्व डिस्कची यादी येते. प्रत्येकीचा क्रमांक ‘व्हॉल-’ पासून सुरू होतो आणि पुढे १७ अक्षरे-आकडे असतात. जिच्यावर हिशेब आहे तिचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. विंडोज एका डिस्कवर आणि हिशेब दुसऱ्या, अशी व्यवस्था असल्यास फार सोयीचे. नसल्यास जाणकाराकडून करून घ्यावी.

दुसरी पायरी : वही मिटून फोटो काढणे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. स्नॅपशॉटमध्ये डिस्कवर लिहिलेले तेवढेच येते. संगणकाच्या स्मरणात असलेले, पण अजून डिस्कवर न उतरलेले येत नाही. मुनीम अर्धे बिल लिहीत असताना वहीचा फोटो काढला तर फोटोत अर्धेच बिल येणार. आमच्या जुन्या स्नॅपशॉटमध्ये दोन बिले अशीच अर्धवट निघाली.

म्हणून प्रथम सर्वांना सॉफ्टवेअर बंद करायला सांगावे. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये हिशेबाची डिस्क ‘ऑफलाइन’ करावी. नंतर हुकूम द्यावा :

एडब्ल्यूएस ईसी२ क्रिएट-स्नॅपशॉट --व्हॉल्यूम-आयडी (आपला क्रमांक) --डिस्क्रिप्शन "(ओळख)"

ओळख म्हणून तारीख व कारण लिहावे. शेवटी ‘--ड्राय-रन’ हे शब्द जोडले तर काहीही न करता फक्त परवानगी आहे की नाही हे तपासले जाते. परवानगी असली तरी उत्तर चुकीच्या सूचनेसारखेच दिसते. त्यात ‘ड्रायरनऑपरेशन’ हा शब्द असल्यास सर्व ठीक, ‘अनऑथराइज्डऑपरेशन’ असल्यास परवानगी नाही.

खऱ्या हुकमाचे उत्तर काही क्षणांत येते. त्यात ‘स्नॅप-’ पासून सुरू होणारा क्रमांक आणि ‘पेंडिंग’ ही अवस्था दिसते. फोटोची घडी पक्की झाली. आता डिस्क पुन्हा ‘ऑनलाइन’ करून काम सुरू करण्यास हरकत नाही. आतील नक्कल चालू राहील, नंतरच्या नोंदी त्यात मिसळणार नाहीत. म्हणजे दुकान बंद ठेवावे लागते ते मिनिट-दोन मिनिटे.

तिसरी पायरी : पूर्ण झाला का, हे पाहणे

एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-स्नॅपशॉट्स --ओनर-आयडीज सेल्फ

शेवटचा शब्द ‘सेल्फ’ विसरू नये, नाहीतर इतरांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या स्नॅपशॉटची लांबलचक यादी पडद्यावर धावू लागते. अवस्था ‘कम्प्लीटेड’ दिसली म्हणजे काम झाले. संगणकालाच थांबून पाहायला सांगायचे असल्यास :

एडब्ल्यूएस ईसी२ वेट स्नॅपशॉट-कम्प्लीटेड --स्नॅपशॉट-आयडीज (स्नॅपशॉटचा क्रमांक)

हा हुकूम दर १५ सेकंदांनी विचारणा करतो आणि ४० वेळा विचारून थांबतो, म्हणजे दहा मिनिटे. पहिला स्नॅपशॉट मोठा असल्यास वेळ अपुरा पडून चूक दाखवतो. घाबरू नये, तोच हुकूम पुन्हा द्यावा.

चौथी पायरी : परत मिळवून पाहणे

जो स्नॅपशॉट कधी उघडून पाहिला नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. वर्षातून दोन वेळा तरी तालीम करावी. स्नॅपशॉटपासून नवी डिस्क तयार करण्याचा हुकूम असा :

एडब्ल्यूएस ईसी२ क्रिएट-व्हॉल्यूम --स्नॅपशॉट-आयडी (क्रमांक) --अव्हेलेबिलिटी-झोन एपी-साउथ-१ए

शेवटचे अक्षर आपला संगणक ज्या झोनमध्ये आहे त्याचेच असावे, नाहीतर डिस्क जोडता येणार नाही. मग ती जोडावी :

एडब्ल्यूएस ईसी२ अटॅच-व्हॉल्यूम --व्हॉल्यूम-आयडी (नव्या डिस्कचा क्रमांक) --इन्स्टन्स-आयडी (संगणकाचा क्रमांक) --डिव्हाइस एक्सव्हीडीएफ

नवी डिस्क विंडोजमध्ये ‘ऑफलाइन’ दिसल्यास तिच्यावर उजवे बटण दाबून ‘ऑनलाइन’ करावे. जुन्या डिस्कला हात लावू नये, नव्या डिस्कवरून हवी ती फाइल उतरवून घ्यावी. प्रथम उघडताना गती मंद वाटेल, कारण डेटा मागेल तसा स्नॅपशॉटमधून येत असतो. चार पार्ट्यांच्या बाक्या आणि त्या दिवसाची शेवटची बिले ताडून पाहावीत. जुळली की ‘डिटॅच-व्हॉल्यूम’ने डिस्क काढावी व ‘डिलीट-व्हॉल्यूम’ने पुसावी, अन्यथा तिचे भाडे चालूच राहते. या शेवटच्या हुकमापूर्वी क्रमांक दोनदा वाचावा. त्याला पुसण्याची परवानगी लागते, तेव्हा तो मालकाने स्वतः द्यावा.

पाचवी पायरी : दुसऱ्या शहरात प्रत

ॲमेझॉनचा दुसरा भारतीय विभाग २०२२ मध्ये हैदराबादला सुरू झाला. आपल्या खात्यात तो आधी चालू करून घ्यावा लागतो. मग :

एडब्ल्यूएस ईसी२ कॉपी-स्नॅपशॉट --सोर्स-रीजन एपी-साउथ-१ --सोर्स-स्नॅपशॉट-आयडी (क्रमांक) --रीजन एपी-साउथ-२

ज्यांची पेढी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी लेखा नियमांत बदल होऊन संगणकावर ठेवलेल्या हिशेबाची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे आवश्यक झाले आहे. मुंबई आणि हैदराबाद ही दोन्ही ठिकाणे भारतातच आहेत. रोजच्या कामासाठी ॲमेझॉनचा ‘डेटा लाइफसायकल मॅनेजर’ आहे. त्यात वेळ आणि किती प्रती ठेवायच्या हे एकदा सांगितले की तो स्वतः घेतो आणि जुन्या काढतो. मात्र तो आपले सॉफ्टवेअर आपोआप बंद करील असे समजू नये. रात्री काम थांबल्यावरची वेळ द्यावी.

किल्ली चोराच्या हाती पडली तर?

जून २०१४ मध्ये ‘कोड स्पेसेस’ नावाच्या परदेशी कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात कोणी घुसले व खंडणी मागू लागले. कंपनी खाते परत ताब्यात घेऊ लागताच त्याने डिस्क, स्नॅपशॉट व राखीव प्रती पुसण्यास सुरुवात केली. कंपनीला कायमचे कुलूप लागले. मूळ वही आणि नक्कल दोन्ही एकाच किल्लीच्या तिजोरीत असल्याचा हा परिणाम होता.

यातून चार नियम घ्यावेत. एक, मुख्य खात्याला पासवर्डासोबत मोबाइलवरील दुसरी तपासणी लावावी. दोन, ‘रिसायकल बिन’चा नियम लावावा. २०२१ पासून ही सोय आहे. पुसलेला स्नॅपशॉट ठरवलेल्या दिवसांपर्यंत परत मिळतो. तीन, डिस्क सांकेतिक कुलपाची असेल तर त्या कुलपाची किल्ली पुसू नये. किल्ली गेली की सर्व स्नॅपशॉट असून नसल्यासारखे. चार, स्नॅपशॉट ‘पब्लिक’ कधीही करू नये. तसे केल्यास जगातील कोणीही आपल्या पार्ट्यांची नावे आणि बाक्या वाचू शकेल. आणि या सर्वांवर, महिन्यातून एकदा हिशेबाची फाइल साध्या बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घरी ठेवावी. क्लाउडच्या भरवशावर ही जुनी रीत सोडू नये.

जकातीचा आणि सरकारचा दिवस

शेवटी एक गोष्ट, जी आमच्या मते आपल्या वाचकांच्या विशेष उपयोगाची आहे. जकातीचे चांद्रवर्ष ज्या दिवशी पूर्ण होते त्या दिवशीची रोकड, विक्रीचा माल आणि येणी पाहून हिशेब करावा लागतो. परंतु आपण तो करायला बसतो पंधरा-वीस दिवसांनी. तोपर्यंत माल विकला गेलेला, उधारी बदललेली असते आणि मग अंदाजपंचे आकडा धरला जातो. अल्लाहच्या हुकमाचा आणि गरिबांच्या हक्काचा हिशेब अंदाजाने का करावा?

आमची तारीख १ रमजान आहे. चंद्र दिसल्यावर, मगरिबनंतर, दुकान बंद करून आम्ही एक स्नॅपशॉट घेतो आणि ओळखीत ‘जकात’ व हिजरी वर्ष लिहितो. पुढे सवडीने त्यातून डिस्क काढून त्या घडीचा माल आणि बाक्या पाहतो. अडीच टक्के काढताना हात थरथरत नाही. येण्यांपैकी कोणती धरावी, याबद्दल मात्र आपल्या आलिमांना विचारावे, ते संगणकाचे काम नव्हे.

असाच एक स्नॅपशॉट ३१ मार्चच्या रात्री घ्यावा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, तेव्हा रोजच्या प्रती काढून टाकल्या तरी हे दोन स्नॅपशॉट आपोआप पुसले जाणार नाहीत अशी व्यवस्था ठेवावी.

ज्यांचे काम गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे आहे त्यांच्यासाठीही रीत हीच आहे. गूगलचा हुकूम ‘जीक्लाउड’ने सुरू होतो, मायक्रोसॉफ्टचा ‘एझेड’ने. नावे बदलतात, क्रम बदलत नाही : वही मिटावी, फोटो काढावा, पूर्ण झाल्याची खात्री करावी, उघडून पाहावा, दुसरीकडे ठेवावा.

आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी पहिला हुकूम टंकून आपल्या डिस्कचा क्रमांक तेवढा वहीत लिहून घ्यावा. बाकीच्या पायऱ्या उद्यापासून, इन्शाअल्लाह. ज्यांचे देणे आपल्या वहीत लिहिलेले आहे, त्यांच्या हक्काचे रक्षण करण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.